पायाखालचा लेपा

लग्नाला सहा महिने झाले, तरी दोन्ही विहिणींचं बोलणं "आपण बसा" आणि "नको, आपणच बसा" यापुढे सरकलं नव्हतं. मुलाची आई निवृत्त नर्स, मुलीची आई शिवणकाम करणारी. त्या रविवारी शिवणवाल्या विहीणबाई लेकीला भेटायला आल्या, तर लेक-जावई नेमके बाहेर गेलेले. पडद्यांचं कौतुक झालं, कुंड्यांचं झालं. मग विषयच संपले.

शेवटी नर्सबाईच उठल्या. "ओहोटी लागलीय. मी लेपे पकडायला चाललेय. येता?"

"गळ टाकून?"

"छे हो, पायांनी!"

लेपा म्हणजे चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून पडून राहतो. अनवाणी पाय घासत चालायचं, तळव्याखाली काही वळवळलं की दाबून धरायचं, एवढंच. नर्सबाईंनी हे किनाऱ्यावर ऐटीत समजावलं आणि विहीणबाईंना मागे घेऊन तासभर गुडघाभर पाण्यात फिरल्या. हाती आला एक तुटका कंगवा.

तेवढ्यात मागून किंकाळी आली. "अहो, जमीन हलतेय!"

"पाय काढू नका!" नर्सबाई पाणी उडवत धावल्या.

"गुदगुल्या होतायत! काढते मी!"

"खबरदार! सगळा भार टाका त्याच्यावर!"

नर्सबाई वाकल्या, पण हात मध्येच थबकला. विहिणीच्या पायाला असा हात कसा लावायचा? शिवणवाल्या बाईही अवघडून म्हणाल्या, "अहो, राहू द्या, बरं नाही दिसत ते..."

"मासा निसटला तर बरं दिसेल का?" म्हणत नर्सबाईंनी घोटा गच्च पकडला, दुसरा हात तळव्याखाली घातला आणि कल्ल्यांत बोटं रोवली. लेप्याने असा हिसडा दिला की दोघी धपकन पाण्यात बसल्या. पण मासा सुटला नाही. चांगला ताटाएवढा होता.

"अगं, तुझी साडी!" नर्सबाई म्हणाल्या आणि एकेरीवर आल्याचं लक्षात येताच त्यांनी जीभ चावली.

"अगं, मीच शिवते ना कपडे, साडीचं काय घेऊन बसलीस!" शिवणवाली हसता हसता ठसकली. मग पदर खोचून उभी राहिली. "चल, आता तू तुडव. मी पकडते."

लेक-जावई परतले तेव्हा घराला कुलूप होतं. शोधत किनाऱ्यावर आले, तर दोघी आया चिंब भिजून, एकमेकींच्या खांद्याला धरून पाण्यात पाय घासत होत्या, आणि हाका मारूनही त्यांचं लक्ष नव्हतं.