स्टेजकडे पाठ

आखातातल्या दुखानच्या वाळूत, जेमतेम पाण्यावर, आमच्या कंपनीचं नवं सूर्यफूल छातीएवढं वाढलं आणि भरघोस फुललं. ते वाढवणारा कृषितज्ज्ञ मी, त्यामुळे त्याच्या उद्घाटनाच्या समारंभाबद्दल मला विचारायचा प्रश्नच नव्हता. शहरातल्या वेस्ट बेच्या मुख्य ऑफिसातून आमचे साहेब, सुशांत सर आले. फुलं सूर्याबरोबर वळून मावळतीला स्टेजकडे बघतील म्हणून त्यांनी शेताच्या पश्चिमेला स्टेज बांधून घेतलं. पण पूर्ण उमललेलं सूर्यफूल दिवसभर पूर्वेकडेच तोंड करून राहतं. अख्ख्या शेताने स्टेजकडे पाठ केली होती.

"पाहुणे यायच्या आत फुलं इकडे वळवा, यल्ला, चला लवकर," सर म्हणाले.

वळवली. निम्म्यांच्या माना मोडल्या.

सर नाराज झाले. "पुढच्या वर्षी प्लास्टिकची लावू. त्यांना तर पाणी अजिबातच लागत नाही."