समीक्षिकेच्या कानांवर

मी हेडफोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच वाजवत आलो, आज जरा माझं ऐका.

२००१ साली नीलांबरीनं मला मिशिगनमधल्या ट्रॉयच्या एका दुकानातून उचललं. डेट्रॉइटच्या एका पेपरात ती संगीतसमीक्षक म्हणून लागली होती. पोरगी ऐकायची कशी म्हणून सांगू! अल्बम मन भरेपर्यंत ऐकल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. माझ्या गाद्या घामानं भिजायच्या, पण मला त्याचं काही वाटायचं नाही.

तिचे बाबा शशिकांत मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांना परीक्षणातले फक्त तारे दिसायचे. "पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास की!" असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

"बाबा, ही एक्झाम नाहीये!"

"मग मार्क दिल्यावर एवढं लिहितेस कशाला?"

अस्सा राग यायचा मला!

पुढे संपादकही तेच म्हणायला लागला. लोक इंटरनेटवर वाचायला लागले, पेपर खपेना. नीलांबरीची जागा अर्धी झाली, मग चार ओळी उरल्या, मग नुसते तारे. अल्बम मात्र ढिगानं यायचे. ती अर्धं गाणं ऐकायची, बाकीची गाणी न ऐकताच सोडायची आणि तारे ठोकून मोकळी व्हायची. अगं, थांब जरा, त्या गायिकेनं शेवटच्या गाण्यात जीव ओतलाय! पण हेडफोनचं कोण ऐकतंय?

यंदा, २००८ साली, पेपरनं समीक्षकाचं पदच काढून टाकलं. नीलांबरी तेव्हापासून आईबाबांकडेच आहे.

परवा घरी गणपतीचं जेवण होतं. ओळखीतली प्रत्येक काकू येऊन विचारायची, "सध्या काय करतेस गं?" तिसऱ्या काकूनंतर नीलांबरी ताट ठेवून आतल्या खोलीत गेली. तिनं मला शोधलं आणि कानांवर चढवलं. केवढा हरखलो मी!

दारातून बाबा काकूंना हळूच म्हणाले, "डिस्टर्ब नका करू. ऐकतेय ती."

कसलं ऐकतेय! माझी वायर तिच्या मांडीवर तशीच पडली होती, कुठेही न जोडलेली. माणसांचे आवाज नकोत म्हणून तिनं मला घातलं होतं.

नीलांबरी, नोकरी त्यांनी घेतली. कान तर तुझेच आहेत ना? जोड ना गं मला.