बैठकीच्या आधी

चंद्रहासने शेवटचा तक्ता पडद्यावरून काढला आणि पेला तोंडाला लावला. बोलून घसा कोरडा पडला होता. क्योतोतल्या या संशोधन केंद्रातली त्याची नेमणूक मार्चअखेर संपत होती. मुदतवाढ मिळाली तर व्हिसा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ते आज या बैठकीत ठरणार, अशी त्याची समजूत होती.

तक्ता पूर्व जर्मनीच्या राज्यकारभाराचा होता. वर लोकसभागृह, खाली राज्यपरिषद, मंत्रिपरिषद. प्रत्येकाला अध्यक्ष, प्रत्येकाला खुर्ची. खरे निर्णय मात्र पक्षाच्या पॉलिटब्यूरोत मंगळवारी व्हायचे आणि सभागृहातली माणसं नंतर हात वर करायची. पदांच्या या पोकळपणावर आपला गडी तासन्‌तास बोलू शके, आणि कोणी अडवलं नाही तर बोलतही असे.

संचालक हिराई-सान यांनी आभार मानले. मग मुदतवाढीचा विषय आला. प्रश्न कोणीच विचारला नाही. खिडकीपाशी ओगावा-सेन्सेई, केंद्रातले जुने गुरुजी, बसले होते, निवृत्त, कसलंही पद नसलेले. ते सावकाश चष्मा पुसत होते. निधीअभावी जमणार नाही, फार वाईट वाटतं, असं हिराई-सान म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढ्यातला चहा अजून गरम होता.

बैठकीआधी ओगावा-सेन्सेईंकडे मिठाईचा डबा घेऊन जाऊन ये, असं त्याची बायको गीता केव्हाची सांगत होती. ती कोनबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरवर काम करायची. इथे बैठकीत काही ठरत नाही, आधी एकेकाला भेटून ठरतं, हे तिला तिथल्या बायकांनी सांगितलं होतं. चंद्रहास तेव्हा हसला होता. निवृत्त माणसाच्या हातात काय असतं, असं त्याने वर विचारलं होतं, आणि संचालकांकडे रीतसर अर्ज दिला होता.

तो सायकल हातात धरून चालतच घरी आला. रडू येत होतं, पण रस्त्यात रडणार कसं? त्यांची मुलगी आर्या शाळेचा अभ्यास करत होती. गीता पोळ्या लाटत होती. काय झालं, असं तिने विचारलं नाही.

त्याच्या लिहायच्या टेबलावर एकही पुस्तक नव्हतं. टेबलाच्या पायाला नगरपालिकेचं, टाकायच्या मोठ्या सामानाला लावतात ते तिकीट चिकटवलेलं होतं. ते लावायचं तर आधी फोन करून तारीख घ्यावी लागते.

"हे कधी केलंस?"

"झाले की दिवस. मार्चमध्ये तारीख मिळत नाही रे."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तुला कोणी काही विचारतच नव्हतं. कधीपासून."

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. क्योतोत आल्यावर त्याने पहिली घेतलेली वस्तू ती. गीताने गॅस बंद केला, ओढणीला हात पुसले आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"टाकायचं ना टेबल?" तिने विचारलं. "तू नको म्हणालास तर रद्द करते."

चंद्रहासने हात वर केला.

आर्याने पेन्सिल खाली ठेवली आणि कशासाठी ते न विचारता तिनेही हात वर केला.