रिकाम्या जागेवरची दस्ती

मित्रांनो, चकलांबा गावातल्या एका घरात दाराशेजारी खुंटीवर लटकणारी विटकी, लाल काठाची दस्ती तुम्ही पाहिली, तर पायपुसणे समजून पुढे जाल. त्यात तुमचा दोष नाही. मी जुनी झाले आहे. शहरात मला रुमाल म्हणत असतील, आमच्याकडे दस्तीच म्हणतात. खांद्यावर राहणाऱ्याने फार बोलू नये, असे मला नेहमी वाटत आले. पण एक प्रश्न माझ्या विणीत अडकून बसला आहे, तो तुमच्यापुढे उलगडून पाहावा म्हणते.

सोलापूरकडच्या एका यंत्रमागावर माझा जन्म झाला. त्याची खटखट तेवढी आठवते. गेवराईच्या बाजारात हरिबाने मला उचलले, उन्हाकडे धरून वीण पाहिली आणि खांद्यावर टाकले. हरिबा मेंढरे राखतो. मी त्याचा घाम टिपला, भाकरी बांधली, माळावर जन्मलेले ओले कोकरू पुसून काढले. त्या कोकराचा वास माझ्या एका कोपऱ्यात अजून आहे. कितीही धुतले तरी जात नाही.

माझे खरे काम मात्र एस.टी. स्टँडवर असे. गाडी फलाटाला लागते न लागते तोच हरिबा धावत जाई आणि खिडकीतून मला बाकावर टाकी. मग तो दाराच्या गर्दीत शिरे. तो येईपर्यंत मी तिथे एकटी. माणसे रेटारेटी करत आत येत, माझ्याकडे पाहत आणि पुढे सरकत. मला कुणी हलवत नसे. ज्याला पाहिलेही नाही त्याच्या जागेचा मान ही माणसे का राखत असतील? मी तर वाऱ्यानेही उडते. हाच तो माझा प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात हरिबाच्या पोटात गाठ निघाली. मुलगा अंगद त्याला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. बायको सारजाबाईही सोबत होती. पण मेंढरे वाऱ्यावर सोडून चालणार नव्हते, म्हणून ऑपरेशनच्या आधी ती गावी निघाली. तेव्हा हरिबाने मला तिच्या हाती दिले.

"घे, परतीला जागा धराया लागंल. अन् तू येस्तवर मी आत जात न्हाई."

सारजाबाईने मेंढरे शेजारच्या तात्याबाकडे लावली आणि ऑपरेशनच्या दिवशी ती पुण्यात उतरली. दुपारनंतर हरिबाला आत नेणार होते. अंगदने सांगून ठेवलेल्या नंबरची सिटी बस आली. थांब्यावर गर्दी मावत नव्हती. सारजाबाईने जन्मभर जे पाहिले तेच केले. तिने खिडकीतून मला आत टाकले आणि निश्चिंत मनाने दाराकडे वळली. जागा धरली की घाई कसली? पण पुण्याची बस कुणासाठी थांबत नाही. दार मिटले. काचेपलीकडे तिचा वर केलेला हात दिसला, आणि मग दिसेनासा झाला.

मी बाकावर पडून होते, आणि मला भीतीपेक्षा कुतूहलच अधिक वाटत होते, हे कबूल करायला हवे. इथे मला ओळखणारे कुणी नव्हते. आता ही माणसे काय करतील?

एका गृहस्थांनी मला दोन बोटांनी उचलले आणि नाक मुरडले. इतक्यात कंडक्टरबाई आल्या. छातीवरच्या पट्टीवर त्यांचे नाव होते, मंगल. त्यांनी मला हातात घेतले आणि त्यांचा चेहराच बदलला. ही कुणाची, असे त्यांनी विचारले. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली की लुगडे नेसलेल्या एका आजींनी ती टाकली, पण त्या खालीच राहिल्या.

"असली रिझर्वेशनं पुण्यात चालत नाहीत, मॅडम," गृहस्थ म्हणाले.

"आमच्या केजकडं चालतंय, काका," मंगलबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आमच्याच मुलखातले गाव आपसूक बाहेर आले. "जागा धरल्याली हाय. म्हातारी एकटी मागं राहिली आसंल. बसा तुमी, मी न्हाई उठवत. पण तिची हाय."

गृहस्थांनी मला पाहिले, बाकाला पाहिले आणि मला जिथल्या तिथे ठेवून दिले. ते उभेच राहिले. मग त्या भरलेल्या बसमध्ये एक अजब गोष्ट घडली. बाक रिकामा राहिला. थांब्यांमागून थांबे गेले, माणसे चढत राहिली, आणि प्रत्येक नव्या माणसाला कुणीतरी हळूच सांगत होते, "तिथे नको, एक आजी यायच्या आहेत."

मंगलबाईंनी मागच्या बसच्या कंडक्टरला फोन केला. लुगडे नेसलेली एक म्हातारी थांब्यावर असेल, तिला घे, म्हणून सांगितले. तेव्हा मागे उभा असलेला एक तरुण पुढे आला. पुढच्या थांब्यावर मी उतरतो, म्हणाला. दस्ती माझ्याकडे द्या, मागच्या बसमधून आजींना दिसेल अशी धरतो. त्याच्या गळ्यात कुठल्याशा कंपनीचे ओळखपत्र होते आणि तो पुन्हापुन्हा घड्याळ पाहत होता. तरीही उतरला. रस्त्याच्या कडेला मला हातात उंच धरून उभा राहिला. जाणारे-येणारे हसत होते. त्याचा हात अवघडला, तेव्हा त्याने दुसरा वर केला.

मागची बस आली. खिडकीतून सारजाबाईला मी दिसले आणि बस थांबताच ती उतरली. दवाखाना अजून पुढे होता, पण तिला ते कळेपर्यंत बस गेलेली. तरुणाने डोक्याला हात लावला, मग हसून रिक्षा थांबवली.

"गाव कोंचं रं बाबा तुजं?" तिने रिक्षात विचारले.

"इथलाच मी, पुण्याचा."

"मग येवडा मोकळा कसा?"

त्याने घड्याळावर बाही ओढून घेतली. दवाखान्याच्या दाराशी तिला अंगदच्या हवाली करून तो गेला. त्याचे नाव मला अजून माहीत नाही.

हरिबाला ढकलगाडीवर घेतले होते. तो आत जायला तयार नाही म्हणून वॉर्डमधली माणसे वैतागली होती. बायकोला पाहताच त्याने पहिला प्रश्न मेंढरांचा केला, दुसरा माझा. मग म्हणाला, "लई उशीर केलास."

ढकलगाडी दाराकडे निघाली, तशी सारजाबाईने मला झटकले आणि त्याच्या रिकाम्या खाटेवर, मधोमध, नीट पसरले.

"जागा धरलीय," ती म्हणाली. "या माघारी."

दार मिटले. मी पुन्हा एका रिकाम्या जागेवर एकटी होते. पण एवढी जड मी पूर्वी कधी झाले नव्हते. दुपार उतरली. एक परिचारिका चादर बदलायला आली. तिने मला उचलले. मळकी, कोकराचा वास येणारी दस्ती. खाली भिंतीला टेकून बसलेल्या सारजाबाईकडे तिने पाहिले. तिने कोरी चादर घातली, मला चार कोपऱ्यांनी धरले आणि होते तसेच पुन्हा पसरले.

दिवेलागणीला हरिबा परत आला आणि माझ्यावरच निजला.

मित्रांनो, माझा प्रश्न तसाच आहे. माणसे एका फडक्याचा मान का राखतात, ते मला अजून कळलेले नाही. एवढेच कळले की राखतात. म्हणून कुठे रिकाम्या जागेवर माझी एखादी बहीण दिसली, तर तिला बाजूला सारण्याआधी दारापर्यंत एकदा नजर टाका. तिथे कुणीतरी गर्दीत अडकलेले असेल, आणि तुम्ही जागा राखाल या भरवशावर निश्चिंत असेल.