क्लच दाबणारा पाय

"मग काका, कुठलं बसवायचं?" मिस्त्रीने परत एकदा विचारलं, आणि सूरकाकांनी परत एकदा चष्मा पुसायला घेतला.

प्रश्न सरळ होता. काकांची जुनी गाडी गॅरेजमध्ये बॉनेट उघडं टाकून उभी होती. मूळ इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली होती आणि त्याचे सुटे भाग आता शोधूनही सापडत नव्हते. मिस्त्रीने नव्या जमान्याचं एक इंजिन हेरून ठेवलं होतं. त्याच्यामागे दोनपैकी एक गिअरबॉक्स लागणार होता. एक हाताने गिअर टाकायचा, तो थोड्या वेल्डिंगवर जुन्या जागेत बसत होता. दुसरा ऑटोमॅटिक. त्याच्यासाठी दोन सीटांच्या मधला उंचवटा कापून रुंद करायचा आणि क्लचचं पेडल कायमचं काढून टाकायचं.

"ऑटोमॅटिक घ्या आणि मोकळे व्हा," मिस्त्री म्हणाला. "डाव्या पायाला सुट्टी. महिनाभरात स्वतः चालवायला लागाल. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

फोनवर मुलीनेही हेच सांगितलं होतं. म्हणजे सगळं जग एकीकडे आणि चष्मा पुसणारे काका दुसरीकडे.

काकांनी हयातभर शाळांमधल्या आणि सभागृहांमधल्या पियानोंचे सूर लावले, म्हणून ते सूरकाका. गाडी चालवायला मात्र ते कधी शिकलेच नाहीत. तरुणपणी एकदा प्रयत्न झाला होता. तेव्हा हे महाशय रस्ता सोडून इंजिन ऐकत बसले आणि उभ्या दुधाच्या गाडीत घुसले. त्या दिवसापासून चाक काकूंच्या हाती गेलं. हत्यारांची पेटी मागच्या सीटवर, काका शेजारी, आणि काकू त्यांना गावोगावच्या पियानोंपर्यंत पोचवायच्या.

पुढे एका ऑपरेशननंतर काकूंचा डावा खांदा आखडला. हात गिअरपर्यंत जाईना. दुसऱ्या कुणी गाडी विकली असती. या दोघांनी काम वाटून घेतलं. चाक आणि पेडलं काकूंची, गिअर काकांचा. इंजिनाचा सूर चढला की काकांचा हात दांड्यावर जायचा आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडायचा. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. अशी त्यांनी कित्येक वर्षं काढली. पाहुणे मागे बसले की काका मुद्दाम खिडकीबाहेर बघत गिअर टाकायचे, इतका त्यांना त्याचा तोरा होता.

काकू गेल्या त्याला आता वर्ष होत आलं होतं. घरात काका उभ्या उभ्या जेवत, कारण एका ताटासाठी टेबल पुसायचा त्यांना कंटाळा येई. टीव्ही सुरू असे, बघत कोणीच नसे. गॅरेजमध्ये निदान चहा होता आणि चार माणसांचे आवाज होते. निर्णय लांबवायला तेही एक कारण होतं. ठरलं की काम सुरू, काम संपलं की घर.

पण खरं कारण वेगळं होतं. ऑटोमॅटिक घेतली तर शेजारची सीट रिकामी ठेवून एकट्यानेच फिरायचं. हाताची घेतली तर चालवायला कोणीतरी लागणार, आणि ते कोणीतरी काकांच्या शेजारी बसणार. मेव्हणा म्हणाला होता, "येत जाईन की रविवारी." मेव्हणा क्लच दाबेल, आपण गिअर टाकू. काकांनी मनातल्या मनात सगळं जमवून टाकलं होतं.

"हाताचाच बसव," ते शेवटी म्हणाले, आणि कारणही सांगितलं.

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "ज्या गाडीतून इंजिन काढायचं ती मागे उभी आहे. मागून ठोकलीये, पण चालते. गिअर हाताचाच आहे. चला, एक चक्कर मारू. मी क्लच, तुम्ही गिअर."

काका डावीकडे बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. गाडी गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्याला लागली, सूर चढला आणि काकांनी दांडा ओढला.

कर्रर्र.

"उशीर झाला माझा," मिस्त्री म्हणाला.

पुढच्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी गिअरचे दात असे खरवडले गेले की मिस्त्रीच कळवळला. "काका, हूं तरी म्हणा. मला कळणार कसं?"

"सांगायचं काय त्यात? इंजिन सांगतंच की."

"ते तुम्हाला सांगतं. आणि माझा पाय खाली जायच्या आत तुमचा हात गेलेला असतो." त्याने चाक सावरलं. "बरं, आता मी तुमच्या हाताकडेच बघतो."

या वेळी गिअर लोण्यासारखा पडला. काकांचा चेहरा खुलला, आणि तेवढ्यात मिस्त्रीने करकचून ब्रेक दाबला. विजेचा खांब बॉनेटपासून हातभर लांब होता.

"नाही जमायचं हे," कपाळ पुसत मिस्त्री म्हणाला. "तुमच्या हातावर डोळा ठेवायचा, रस्ता बघायचा, आणि हात हलला रे हलला की पाय दाबायचा. काकूंना कसं काय जमायचं?"

काकू गाडी चालवताना मान किंचित डावीकडे कलती ठेवायच्या. खांदा दुखत असेल असं काकांना वाटायचं. एकदा तर त्यांनी तिची नक्कलही करून दाखवली होती, आणि काकू खूप हसल्या होत्या. इतकी वर्षं आपण इंजिन ऐकत होतो आणि ती आपला हात बघत होती. पाहुण्यांसमोर मात्र म्हणायची, "यांच्या कानाला तोड नाही हं."

काकांना एकदम रडू आलं. मिस्त्रीने इंजिन बंद केलं.

"काकू कधी बोलल्या नाहीत?" त्याने विचारलं.

"नाही." काकांनी दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "ऑटोमॅटिक बसव."

"मेव्हण्यांना विचारून बघा ना. होईल सवय त्यांना."

"नको रे. तो रस्त्याकडे बघेल," काका म्हणाले. "सगळे रस्त्याकडेच बघतात."