एक वाक्य जास्त

मी मठाच्या भट्टीवरचा साचा बोलतोय. चर्चच्या वेदीवर प्रसादासाठी जाणाऱ्या पातळ, पांढऱ्या चकत्या माझ्यातून निघतात. पुढे सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे, लोखंडाची शपथ. आता माझ्यात निम्मं लोखंड नि निम्मं बीड, तेव्हा शपथ किती धरायची ते तुम्हीच ठरवा.

लोहारानं मला सात वर्षं घडवलं. बरं, सात दिवस. त्यातले तीन तो अंथरुणाला खिळून होता. दोन पानं, एक बिजागरी, दोन लांब दांडे, एवढाच माझा संसार. खालच्या पानावर पळीभर पातळ पीठ ओतायचं, वरचं पान मिटायचं आणि मला विस्तवावर धरायचं. किती वेळ? भट्टीत घड्याळ नव्हतं, म्हणून प्रभूनं शिकवलेली प्रार्थना एकदा म्हणायची. आमेन झालं की साचा उघडायचा. आत चार चकत्या, दुधासारख्या. प्रार्थना घाईत उरकली तर कच्च्या. कोणत्या सिस्टरचं चित्त थाऱ्यावर नाही, हे मठाच्या प्रमुख मदरच्या आधी मला कळे.

मग धाकटी सिस्टर आली. वय बावीस. पहिल्याच दिवशी तिनं ओळीनं अकरा घाणे करपवले.

भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरना सगळ्या पाठीमागे 'फौजदार' म्हणत. त्यांनी तपास केला. पोरगी आमेनच्या आधी स्वतःचं घुसडत होती: या चर्चचे, त्या चर्चचे, कधीकाळी फुटलेले नि काल-परवा फुटलेले, सगळे ख्रिस्ती एक होऊ देत. इतर सिस्टर आजाऱ्यांसाठी, परीक्षांसाठी मागत. हिचं मागणं एकच, सकाळी तेच आणि संध्याकाळी तेच.

"एकी माग की," फौजदार म्हणाल्या, "पण चकती उतरवून माग. देवाला थांबता येतं, पिठाला नाही."

दुखणं घरचं होतं. तिचे बाबा गिरणीवाले, मठाला पीठ तेच पुरवत. थोरल्या लेकीनं पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या पंथाच्या चर्चची देखभाल करणाऱ्याशी लग्न केलं, तेही त्याच चर्चमध्ये. त्या दिवसापासून बाबांनी तिचं नाव टाकलं. सहा वर्षं झाली होती. जावई समोरून आला की बाबा दुकानांच्या पाट्या वाचू लागत. एकदा पाटी नव्हती, तर भिंत वाचली.

पुढे धाकटीला धाप लागायला लागली. हृदयाची झडप. सोमवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर बरंच बोलले, पण परत कधी येईल ते काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात पलीकडच्या चर्चच्या चकत्यांना ओल लागली आणि तिचे दाजी रविवारपुरत्या मागायला मठात आले. मदर विचारात पडल्या. धाकटी म्हणाली, साच्यातून निघते तेव्हा चकती म्हणजे नुसतं पीठ आणि पाणी, पुढचं ज्याच्या त्याच्या वेदीवर. मदरनी होकार दिला.

शनिवारी दुपारी भट्टीच्या खिडकीबाहेर बाबा पीठ उतरवत होते आणि दाजी डबा घेऊन आले. बाबांनी लगेच हात झटकले. येतो म्हणाले.

"बाबा, थांबा. फौजदार चॅपलमध्ये आहेत आणि मला श्वास पुरत नाही. साचा मी धरते, प्रार्थना तुम्ही दोघं म्हणा."

"एकानं म्हटली तरी भाजतं," बाबा म्हणाले.

"मी रोज तुमचं नाव घेते, मग दाजींचं. आधी मध्ये दम खायचे. आता एका श्वासात घ्यावी लागतात. त्यामुळे तुम्ही दोघं फार जवळ आलात, बाबा."

बाबांनी टोपी काढली.

दोघांनी सुरुवात केली. बाबा आमेन म्हणून मोकळे झाले, दाजी नाही. त्यांच्या पंथात शेवटी देवाच्या राज्याचं नि गौरवाचं एक वाक्य जास्त असतं. धाकटीनं मला उघडलं नाही. दाजींचं संपल्यावरच उघडलं. चकत्या किंचित तांबूस निघाल्या.

बाबांनी एक उचलून उजेडात धरली. "आमच्यात अशी चालत नाही."

"आमच्यात अशीच चालते," दाजी म्हणाले.

सहा वर्षांनंतरचं पहिलं संभाषण हे असं.

"मग डबा भरेपर्यंत असाच भाजू," बाबा म्हणाले. दुसऱ्या घाण्याला त्यांनी ते जास्तीचं वाक्यसुद्धा खणखणीत आवाजात म्हटलं. फौजदार धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

ऑपरेशन झालं. धाकटी सहा आठवड्यांनी परत आली, भट्टीवर नाही, खुर्चीवर. तिथूनही मागणं तेच. आता चकत्या विजेच्या यंत्रावर होतात, वेळ झाली की ते शिट्टी मारतं. मी खिळ्याला लटकलोय, गंज नाही, तक्रार नाही. तुमच्या घरात कुणाचं नाव टाकलेलं असेल, तर त्याला एकदा आपल्या शेजारी उभं राहून प्रार्थना म्हणू द्या. तुमच्यापेक्षा लांब असली तरी.

आता कबुली. दुसऱ्या घाण्याला बाबांनी ते जास्तीचं वाक्य म्हटलं, हे मी रचलं. त्यांनी ते त्या दिवशी म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही. आपली प्रार्थना संपल्यावर टोपी छातीशी धरून ते उभे राहिले. पण दाजींचं संपेपर्यंत त्यांनी आपलं आमेन तोंडातच धरून ठेवलं. दोघांचं आमेन एकदम आलं, आणि मग धाकटीनं मला उघडलं.