पहिला घास

वसुमती जेवत नाही याचं खरं कारण डॉक्टरांना सांगताना रघुरामरावांची जीभ अडखळली. कुत्रं मेलं म्हणून बाई उपाशी राहते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण होतं ते तसंच होतं. लग्न होऊन तंजावूरच्या या घरात आल्यापासून ती मागच्या दाराच्या पायरीवर बसून पहिला घास कुत्र्याला घालायची आणि मगच स्वतःच्या ताटावर बसायची. कुत्री बदलली, रीत बदलली नाही. अर्धांगाच्या झटक्यात तिची तमिळ पार पुसली गेली, शेजारणींची नावं गेली. उरली ती माहेरची मराठी आणि ही रीत. आणि गेल्या आठवड्यात मणी मेला, पांढराशुभ्र, राजपाळयम जातीचा.

तेव्हापासून ती दहीभाताचा घास हातात धरून पायरीवर बसे. “मणी जेवला नाहीं, मी कशी जेवूं?” भात बोटांवर वाळून जाई. घास संपला की ती जेवेल, म्हणून एकदा रघुरामरावांनी तो स्वतःच तोंडात घेतला.

“तुम्ही कां खाल्लांत? तो मणीचा होता!” म्हणत ती रडली. पुढे दिवसभर तिनं पाणीसुद्धा नाकारलं.

डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करा, नाकातून नळी घालू. मागच्या खेपेला, झटका आला तेव्हा, तिनं नळी उपसली होती, म्हणून तिचे हात खाटेला बांधले होते. ते हात आठवले आणि रघुरामरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तडक जवळच्या ओरत्तनाडू गावाची बस धरली.

तिथे राजगोपाल राजपाळयम कुत्री पाळून पिल्लं देई. माणूस चोख. आधी पिल्लांची आई दाखवली, मग घरात कोण कोण आहे ते विचारलं. सगळं ऐकून त्यानं मान हलवली.

“पिल्लं अजून आईचं दूध पितात. त्यांचे दात सुईसारखे, अंगात मस्ती. आजारी बाईंच्या अंगावर सोडू? नाही सार, मी देणार नाही.”

“माझी बायको मरेल हो!” रघुरामराव त्याच्या पाया पडायला वाकले. राजगोपालनं त्यांना खांदे धरून उभं केलं.

“आज मागितलं की आज पिल्लू देणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडून घेऊही नका. तुम्हाला मोठं कुत्रं पाहिजे. टाकून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा तंजावुरात आहे, तिथे जा.”

त्या माणसाचा गळा धरावा असं रघुरामरावांना वाटलं. तो बरोबर बोलत होता, म्हणून जास्तच वाटलं.

निवाऱ्यात कुत्री जाळीवर उड्या मारत होती. म्हातारे रघुरामराव वेड्यासारखे त्यांत पांढरं शोधत फिरले. एकही नव्हतं.

“रंग बघायला आलात का?” तिथं काम करणारी अखिला म्हणाली. तिनंही राजगोपालसारखेच प्रश्न विचारले. आता मात्र रघुरामरावांना रडूच आलं. शेवटी तिनं कोपऱ्यातली एक करडी कुत्री दाखवली. कान फाटलेला, मानेवर तारेचा वळ. “दांडगं कुत्रं बाईंना पाडेल. ही शांत आहे, पण फार भित्री. घर बघायला मी बरोबर येते. रात्रभर ठेवा, नाही जमलं तर सकाळी परत नेईन.”

अखिला घर बघून गेली आणि कुत्री परसातल्या धुण्याच्या दगडामागे शिरली. वसुमती घास घेऊन पायरीवर बसली. “ये ग.” कुत्री थरथरत होती. “ये ग, ये.” काही नाही. भात वाळू लागला. उन्हं कलली.

रघुरामरावांचा धीर सुटला. ते दोरी धरून कुत्रीला ओढू लागले. “खा! खा मेले, एक घास खा!” कुत्री किंचाळली आणि जागेवरच मुतली.

“सोडा तिला!” वसुमतीचा इतका मोठा आवाज त्यांनी झटका आल्यापासून ऐकला नव्हता. दोरी त्यांच्या हातातून गळून पडली. आता संपलं, असं वाटून ते भिंतीला टेकून मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे खाटेला बांधलेले ते हात आले.

वसुमती बराच वेळ त्या फाटक्या कानाकडे बघत राहिली. “भ्याली आहे,” ती म्हणाली. “कोणी तरी मारलें हिला. आमची लेक रंजना लहानपणीं औषधाला भ्यायची, तशी.” मग ती सरकत सरकत कुत्रीपासून हातभर अंतरावर गेली. “कडू नाहीं ग. हें बघ.”

तिनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळला.

रघुरामराव भिंतीचा आधार सोडून सरळ बसले.

“बघितलेंस? मी खाल्लें. कांहीं झालें?” तिनं दुसरा घास केला, कुत्रीपुढे धरला, थांबली, आणि तोही खाल्ला. मग तिसरा. दर वेळी तोंड उघडून, रिकामी जीभ दाखवून. कुत्रीचं थरथरणं कमी झालं होतं, पण भाताला तिनं नाकसुद्धा लावलं नाही.

वाटी रिकामी झाली.

“अहो,” वसुमतीनं वाटी नवऱ्यापुढे धरली, “अजून भात आणा. हिला अजून विश्वास येत नाहीं.”

रघुरामराव रडतच स्वयंपाकघराकडे धावले.